बर्फ नसलेलं गुलमर्ग

काश्मीरची सहल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. पांढरेशुभ्र उतार, गमबूट घातलेली मुलं, पायांना लांब पट्ट्या बांधून घसरत जाणारी माणसं. २०२४ च्या जानेवारीच्या मध्यापर्यंत गुलमर्गात हे चित्र नव्हतं. हवामान खात्याच्या नोंदींप्रमाणे काश्मीर खोऱ्यात डिसेंबर २०२३ मध्ये नेहमीपेक्षा सुमारे ८० टक्के कमी पाऊस-बर्फ झाला, आणि जानेवारीचे पहिले आठवडेही जवळजवळ कोरडेच गेले. तेव्हा माजी मुख्यमंत्री असलेले ओमर अब्दुल्ला यांनी गुलमर्गच्या उघड्या माळाचे फोटो समाजमाध्यमावर टाकले होते. ते आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिलेही असतील.

आमच्या तीन कुटुंबांची तिकिटं नेमकी त्याच आठवड्यातली होती. आम्ही, माझे दीर-जाऊ आणि सेलूचं एक स्नेही कुटुंब, असे लहानमोठे अकरा जण. परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने लुधियाना, तिथून जम्मू, जम्मूहून मोटारीने बनिहाल आणि बनिहालहून रेल्वेने श्रीनगर, असा बेत चार महिने आधी ठरला होता. निघायला आठ दिवस उरले असताना ते फोटो आले आणि इशाच्या नमाजनंतर आमच्या घरी बैठक बसली.

दीर म्हणाले, "रद्द करू. जे पैसे परत मिळतील ते मिळतील. मे महिन्यात जाऊ." जाऊबाईंनी आठवण करून दिली, की मे महिन्यात त्यांच्याच मुलीची नीटची परीक्षा आहे. सेलूच्या भाईंचं म्हणणं, बर्फाशिवाय गुलमर्ग म्हणजे माळरानच, ते तर जिंतूर रस्त्यालाही आहे. माझ्या धाकट्याला बर्फाचा माणूस करायचा होता, तो रडवेला झाला. सगळ्यांचं ऐकून घेऊन सासूबाई शेवटी बोलल्या, "मला बर्फ नको रे, मला डोंगर बघायचा आहे. माझ्या गुडघ्यांना पुढच्या वर्षाचा भरवसा नाही." मुलांचे अब्बू हसून म्हणाले, "बनी तो बनी, नहीं तो परभणी. अकरा जणांच्या रजा परत एकत्र जुळणार आहेत का?" या प्रश्नावर कोणाकडे उत्तर नव्हतं. जायचं ठरलं.

जाताना मुलांनीच एक नियम केला. "बर्फ असता तर" हे शब्द जो उच्चारेल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. पाच दिवसांत सेलूच्या भाईंनी चार वेळा चहा पाजला आणि सासूबाईंनी एकदा. नियम गमतीचा होता, पण त्याचा उपयोग झाला. जे नाही त्याची उजळणी थांबली, की जे आहे ते दिसू लागतं.

बर्फ का पडला नाही, हे मुलांनी वाटेतच विचारलं. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून समुद्रावरून येतो. काश्मीरचा हिवाळी बर्फ मात्र भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान ओलांडत येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो. हे झंझावात हिवाळ्यात एकामागून एक येतात, हिमालयाला अडतात आणि बर्फ टाकतात. त्या डिसेंबर-जानेवारीत जोरदार झंझावात फिरकलेच नाहीत. शिवाय ते वर्ष एल निनोचं. त्याच वर्षात आपण ऑगस्टही पाहिला. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आपल्याकडे सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने ओढ दिली, ते विसरायला अजून वेळ लागेल.

काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलां, मग वीस दिवस चिल्ला-ए-खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्ला-ए-बच्चा. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ घट्ट गोठतो आणि उन्हाळाभर हळूहळू वितळत ओढ्यांना, झेलमला आणि भातशेतीला पाणी देतो. उशिरा पडलेला बर्फ लवकर वाहून जातो. आपल्याकडे वेळेवरची झड आणि अवेळी कोसळलेला पाऊस यांत जो फरक, तोच हा. म्हणजे आमच्या सहलीत जी उणीव होती, ती तिथल्या लोकांच्या येत्या उन्हाळ्याची काळजी होती.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. पंधरा-वीस फूट बर्फ नको, निदान चार बोटं तरी असेल ही आशा टंगमर्गहून वर चढतानाच मावळली. मैदानावर पिवळं गवत आणि कडेला देवदार. दुपारी ऊन इतकं की मुलांनी स्वेटर काढून कमरेला बांधले. मग बॅट-बॉल निघाला. जिथे दरवर्षी शिकाऊ लोक स्की घालून पडत-झडत असतात, तिथे आमची मुलं आणि टंगमर्गची मुलं असा सामना झाला. आम्ही हरलो. सासूबाई खुर्चीवर बसून धावा मोजत होत्या. मांडीवर शालीखाली कांगडी होती आणि समोर तो डोंगर, ज्याच्यासाठी त्या आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गंडोल्याने, म्हणजे दोरावरच्या पाळण्याने, वर गेलो. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर. दुसऱ्या टप्प्यावर सासूबाईंना आणि जाऊबाईंना नेलं नाही. तिथे हवा विरळ असते. वर सावलीच्या बाजूला बर्फाचा पातळ थर होता, मधूनमधून दगड डोकावत होते. स्की शिकवणाऱ्या तरुणाने स्पष्ट सांगितलं, "इथून खाली सोडणार नाही, दगड लागतील." मग एका लहानशा सपाट तुकड्यावर त्याने मुलांना बूट कसे अडकवायचे, पडायचं कसं, आडवं पाऊल टाकत वर कसं चढायचं, पुढची टोकं जवळ आणून थांबायचं कसं, एवढंच तासभर शिकवलं. मोठ्या पुतणीने पंधरा-वीस पावलांचं अंतर घसरून पार केलं आणि कोणी विश्वचषक जिंकावा तशी ओरडली. धाकट्याने बर्फाचा माणूस केला. तो वीतभरच उंच होता, पण माणूस होता.

त्याच तरुणाने मुलांना आरिफ खान यांची गोष्ट सांगितली. आरिफ टंगमर्ग भागातले. वडिलांचं गुलमर्गात स्कीच्या सामानाचं दुकान, त्यामुळे लहानपणीच पायात स्की आली. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून ते एकटेच खेळाडू होते. जायंट स्लॅलम प्रकारात ते ४५ वे आले. माझा मुलगा म्हणाला, "पंचेचाळिसावा?" शिकवणारा म्हणाला, "ज्या उतारावर कितीतरी नामवंत मध्येच पडले, तिथे शेवटपर्यंत पोहोचून पंचेचाळिसावा." परीक्षेच्या टक्क्यांमागे धावणाऱ्या आपल्या घरांनी हे उत्तर जपून ठेवावं.

आता पैशांची गोष्ट. गुलमर्गात शेकडो लोक लाकडी स्लेजवर पर्यटकांना ओढून पोट भरतात. बर्फ नाही म्हणजे स्लेज नाही. पहिल्या दिवशी असाच एक मध्यमवयीन गृहस्थ आमच्याबरोबर चालू लागला. पिशव्या घेतो, वाट दाखवतो, दिवसाचे ठरलेले पैसे द्या, म्हणाला. सेलूचे भाई म्हणाले, "बर्फच नाही तर पैसे कसले? निम्मे देऊ." तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "साहब, आमची कमाई याच तीन महिन्यांची. बाकीचं वर्ष याच्यावर निघतं. काम सांगा, करतो."

भाईंचं सेलूत बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. ते थोडा वेळ गप्प चालत राहिले. मग मला म्हणाले, "बाजी, ऑगस्टमध्ये माझी उधारी अशीच अडकली. शेतकऱ्याला मी काय बोललो असतो? पाऊस पडला नाही हा काही त्याचा गुन्हा नव्हता." संध्याकाळी त्यांनी पूर्ण दर दिला. वर थोडे जास्तीचे देऊ लागले, तर त्या गृहस्थाने ते परत केले. "मजुरी घेतली, खैरात नको."

मजुराची मजुरी पूर्ण आणि वेळेवर द्यावी, ही शिकवण आपण मुलांना लहानपणीच देतो. ती पाळायची वेळ मात्र अशीच येते, जेव्हा कमी द्यायला सबब हाताशी असते. मंदीच्या हंगामात यजमानाचा भाव पाडून आणणं याला आपल्याकडे हुशारी म्हणतात. परत आल्यावर "किती स्वस्तात केलं" हे चारचौघांत सांगतात. पण ज्याच्या घरी आपण पाहुणे म्हणून गेलो, त्याचाच हंगाम बुडालेला असताना त्याच्या ताटातला घास उचलण्यात कसली हुशारी?

शुक्रवारी घरातले पुरुष आणि मुलगे टंगमर्गला जुम्यासाठी गेले. त्या दिवसांत खोऱ्यात ठिकठिकाणी नमाज-ए-इस्तिस्का आणि बर्फ-पावसासाठी दुआ होत होत्या. आपल्याकडेही दुष्काळाच्या साली ईदगाहवर लोक जमतात, ते थोरांना आठवत असेल. परत आल्यावर धाकट्याने मला विचारलं, "अम्मी, आम्ही बर्फासाठी दुआ मागितली. पण आपण रविवारी निघणार. त्याच्यानंतर पडला तर?" मी म्हटलं, "तर इथल्या लोकांना मिळेल." तो जरा विचारात पडला, मग म्हणाला, "मग बरोबर आहे." एवढ्या सहलीत मला सर्वांत जास्त समाधान या तीन शब्दांनी दिलं. स्वतःला न मिळणाऱ्या गोष्टीसाठी मनापासून हात उचलणं, हे वर्गात शिकवून येत नाही.

शेवटच्या दिवशी टंगमर्गजवळच्या बाबा रेशींच्या जियारतीला गेलो. पंधराव्या शतकात सुलतान झैनुल आबिदीनच्या दरबारातली चाकरी सोडून फकिरी पत्करलेले हे बुजुर्ग. आपल्या तुराबुल हक साहेबांच्या उरुसात जशी सर्व धर्मांची माणसं दिसतात, तशीच तिथेही दिसली. बाहेर खारी चहा आणि रोटी. खारी चहा सासूबाईंना अजिबात आवडला नाही. तरी त्यांनी पेला संपवला, कारण देणाऱ्या बाईने तो प्रेमाने दिला होता.

पुढच्या हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. निघण्याआधी हॉटेलवाल्याला "बर्फ आहे का" असं विचारू नका, "मैदानावर किती आहे आणि वर किती" असं विचारा. रजेची सोय असेल तर जानेवारीच्या सुरुवातीपेक्षा फेब्रुवारी बरा. गंडोल्याची तिकिटं आधी ऑनलाइन काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. वारा वाढला की दुसरा टप्पा बंद करतात, म्हणून एक दिवस हाताशी मोकळा ठेवा. दम्याच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर जाऊ नये. कोट आणि बूट विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्या. ज्यांच्या तरुण मुलामुलींना खरोखर स्कीइंग शिकायचं आहे, त्यांच्यासाठी गुलमर्गात १९६८ पासूनची सरकारी संस्था आहे, तिच्या अभ्यासक्रमांची चौकशी करावी. बंद खोलीत कांगडी किंवा शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका, त्या धुराने जीव जातो. आणि मुलांना बर्फाचं वचन देऊ नका. प्रवासाचं वचन द्या, बर्फ आपल्या हातात नाही.

आम्ही परभणीला पोहोचलो आणि जानेवारीच्या अखेरीस गुलमर्गात बर्फ पडू लागला. २१ ते २५ फेब्रुवारीदरम्यान तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही झाल्या. फोटो पाहून नातेवाईक विचारतात, "पंधरा दिवस थांबला असता तर?" घरातली मुलं त्यांना चहा पाजायला लावतात.

 इफ्तारच्या वेळी पाण्याचा पहिला घोट घेताना २०२३ च्या ऑगस्टची आठवण होईल, तशी त्या स्लेजवाल्या गृहस्थाचीही होईल. अल्लाह त्यांच्या डोंगरावर वेळेवर बर्फ देवो आणि आपल्या शेतांवर वेळेवर पाऊस. आमीन.