न्हाणीची फरशी उचलताना

सुगी उरकली, दाणागोटा घरात आला, की राहिलेल्या कामांकडं बघायला जरा उसंत मिळते. तेव्हा एकदा न्हाणीत जा आणि हातोडीच्या दांड्यानं प्रत्येक फरशीवर ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, तर खाली पोकळी झाली समजा. दोन वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई अशाच एका डुगडुगत्या फरशीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. अजून काठीशिवाय उठता येत नाही. "नंतर बघू" म्हणत ती फरशी आम्ही तीन पावसाळे तशीच वापरली, हे सांगायला लाज वाटते.

शिवाय सांध्यांतून मुरलेलं पाणी भिंतीच्या पायात जातं. दगडमातीची भिंत असली की ओल वर चढते, पोपडे सुटतात आणि आपण त्यावर चुना फासत बसतो. दुखणं फरशीखाली असतं!

फरशी काढायचं काम घरच्या घरी जमतं. आधी मोरीच्या पाइपाच्या तोंडात पोत्याचा बोळा घट्ट बसवा. खडे आत गेले तर पाइप तुंबतो आणि नव्या फरशीसकट पुन्हा खोदावं लागतं. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडा, नाकातोंडाला फडकं बांधा. छिन्नी मारणाऱ्यानं चष्मा लावावा, कपची डोळ्यात जाते.

एकदम मधोमध पहार घालू नका. सर्वांत सैल फरशी शोधा, बहुधा ती मोरीजवळच असते. तिचे सांधे छिन्नीनं उकरा, पहारीचं टोक सांध्यात घाला, पहारीखाली लाकडाचा ठोकळा द्या आणि हळूहळू उचला. एक निघाली की शेजारच्या कडेनं सुटतात. शहाबादी फरशी जपून काढली तर अखंड निघते. खालचा माल खरवडून तीच परत बसवता येते. (हा दगड चुनखडीचा. डाग काढायला त्यावर ॲसिड ओतू नका, ते दगडच खातं.) चकचकीत टाइल्स मात्र बहुधा फुटूनच निघतात आणि त्यांच्या कडा सुरीसारख्या असतात. अनवाणी वावरू नका.

फरशी उचलल्याबरोबर खाली हात घालू नका. ओलीच्या गारव्याला विंचू बसलेला असतो. डंख झालाच तर मंत्रतंत्रात वेळ न घालवता दवाखाना गाठा. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी उपयोगात आणून दाखवलं आहे, पण ते डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचं.

भिजकी माती सगळी काढा, मुरूम टाकून पाणी मारून चोपा. बसवायला गवंडी बोलवा, पण ढाळ तुम्ही स्वतः तपासा. मोरीकडं फुटाला पाव इंच उतार पाहिजे. दर्जा भरण्याआधी पोरांची काचेची गोटी फरशीवर सोडा. ती मोरीकडं घरंगळली नाही, तर गवंड्याला तिथल्या तिथं सांगा. उद्या तो दुसऱ्या गावी असेल.

ओल्या सिमेंटला उघडा हात लावू नका, कातडी सोलवटते. दर्जा ७ दिवस तरी ओल्या ठेवायच्या असतात. तोवर आंघोळीसाठी परसात आडोसा करून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच पहाटे घरातलं कोणीतरी बादली घेऊन आत शिरतं.