कंपनीने छापलेला समाधानी ग्राहक



केळापूर तालुक्यात मृगाचे ढग दिसू लागले की पांढरकवड्याच्या कृषी केंद्रांवर गर्दी होते आणि बियाण्यांच्या कंपन्यांचे फलक लागतात. फलकावर एक शेतकरी उभा असतो. अंगात स्वच्छ सदरा, हातात बोंडांनी लगडलेली पऱ्हाटी, आणि खाली एकरी किती क्विंटल कापूस पिकला तो आकडा. हाच शेतकरी आता मोबाईलमध्येही आला आहे. आमच्या कित्येक वाचकांची मुले-मुली मिक्सर, शिलाई मशीन, शाळेचे बूट मोबाईलवरून मागवतात. वस्तूच्या चित्राखाली पाच चांदण्या असतात आणि त्याखाली 'फार छान, पैसे वसूल' असे कोणी कोणी लिहिलेले असते. ते वाचून आपण पैसे मोजतो. तेव्हा या आठवड्यात आपण एवढाच विचार करू या की, विकणाऱ्याने स्वतः छापलेल्या ग्राहकाच्या अनुभवावर विश्वास ठेवावा काय?

हा प्रश्न आपल्या यवतमाळ जिल्ह्याला नवा नाही. मोबाईलवरच्या चांदण्या आपल्याकडे पोहोचण्याच्या आधीच तो येथे येऊन गेला आहे.

बीटी कपाशीला केंद्र सरकारच्या समितीने मार्च २००२ मध्ये परवानगी दिली. पुढे ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत पानभर मजकूर आला. आपल्या जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांची ती कहाणी होती. बीटीमुळे फवारणीचा खर्च वाचला, शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला, दोन्ही गावांत एकाही माणसाने आत्महत्या केली नाही, असे त्यात म्हटले होते. यवतमाळची ती भेट महिको-मोन्सँटो बायोटेक या कंपनीने घडवून आणली होती, हेही त्यातच नमूद होते. पण अशी ओळ किती जण वाचतात? २८ ऑगस्ट २०११ रोजी तोच मजकूर त्याच दैनिकात पुन्हा आला. या खेपेस ती कंपनीची जाहिरात होती. म्हणजे पहिल्यांदा बातमी म्हणून छापलेला अनुभव तीन वर्षांनी विक्रीसाठी वापरला गेला.

मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजा गावी आली. गावकऱ्यांनी खासदारांना सांगितले की आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक बीटी आल्यानंतरच्या आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये 'द हिंदू' या दैनिकात ही सारी हकिकत मांडली. २००३ ते २००९ या काळातील नऊ आत्महत्यांची त्या दैनिकाने खातरजमा केली होती.

अंतरगावच्या ज्या शेतकऱ्याची भरभराट त्या पानावर झळकली होती, त्यालाही साईनाथ भेटले. त्याने सांगितले की आदल्या वर्षी आपल्याला सुमारे दोन लाख रुपये मिळाले, पण त्यांपैकी सुमारे एक लाख साठ हजार रुपये विम्याच्या पॉलिसी विकून आले. हा शेतकरी विमा एजंटही होता! जाहिरातीच्या पानावर मात्र औषधाची बचत होऊन त्याला एकरी वीस हजार रुपये जास्त मिळाल्याचे लिहिले होते. त्याची कपाशी चार एकरांत होती. एकरी वीस हजार धरले तर ऐंशी हजार होतात. चार एकरांच्या फवारणीवर ऐंशी हजार रुपये कोण वाचवतो, याचा हिशेब आमच्या वाचकांनीच करावा.

येथे आम्हाला बीटी चांगले की वाईट हा वाद घालावयाचा नाही. आत्महत्येमागे कर्ज, कोरडवाहू जमीन, पडलेले भाव, पावसाची ओढ अशी अनेक कारणे असतात, हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. आम्हाला फक्त साक्षीचा विचार करावयाचा आहे. तो शेतकरी खरा होता. त्याचे गाव खरे होते. त्याच्या घरात पैसा आला होता, हेही खरे होते. पैसा कोठून आला एवढेच वाचकाला कळले नाही. त्यामुळे अशा अनुभवाला सरळ खोटे म्हणूनही चालत नाही आणि त्यावर विसंबूनही चालत नाही.

पहिली गोष्ट अशी की साक्षीदार कोण, हे विकणाराच ठरवतो. शंभर जणांनी एक वाण पेरले, साठ जणांचे बरे झाले, चाळीस बुडाले, तर फलकावर त्या साठांपैकीच कोणी तरी येणार. बुडालेल्या चाळिसांपैकी एकाचाही फोटो कोणती कंपनी छापत नाही. दुसरी गोष्ट काळाची. २००८ साली फवारणी वाचल्याचे सांगितले गेले. २०१० साली गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचे मोन्सँटोनेच जाहीर केले. २०१७ साली आपल्याकडे गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, आणि त्याच वर्षी फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अनुभव एका हंगामाचा असतो. छापलेला कागद मात्र वर्षानुवर्षे तेच बोलत राहतो.

मोबाईलवरच्या अनुभवांना हे दोन्ही दोष लागू आहेत, आणि तेथे आणखी एक दोष वाढतो. फलकावरचा शेतकरी निदान खरा असतो. मोबाईलवर लिहिणारा माणूस आहे की नाही, हेच कळत नाही. अमेरिकेत संडे रायली या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीवर तेथील सरकारी व्यापार आयोगाने २०१९ साली ठपका ठेवला. कंपनीच्या वरिष्ठांनी नोकरांना खोट्या नावांची खाती उघडून आपल्याच मालाची तारीफ लिहावयास लावली, आणि हा प्रकार जवळजवळ दोन वर्षे चालला, असे आयोगाचे म्हणणे होते. आपल्याकडेही खोक्यातून चिठ्ठी निघते, 'पाच चांदण्या द्या आणि पैसे परत मिळवा.' ज्याने पन्नास रुपयांसाठी चांदण्या दिल्या, त्याच्या शब्दावर दुसरा गरीब माणूस पाचशे रुपये घालवून बसतो.

कायदा याबाबत गप्प नाही. २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांनुसार कोणत्याही विक्रेत्याला ग्राहक असल्याचे सोंग घेऊन आपल्याच मालाचे अनुभव लिहिता येत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ग्राहकांच्या अनुभवांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. पैसे देऊन लिहवून घेतलेले अनुभव छापू नयेत, लिहिणारा खरा आहे याची खात्री करावी, असे त्यात आहे. पण ते आणले तेव्हा ऐच्छिक ठेवले होते. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे अनुभव विकत घेण्यास बंदी झाली. वाईट अनुभव दडपून उरलेले चांगले तेवढेच सर्व ग्राहकांचे मत म्हणून दाखवणे, हेही तेथे बेकायदा ठरले. सरकारांना असे नियम करावे लागले यावरूनच रोग केवढा पसरला आहे ते समजते.

मग घर चालवणाऱ्याने करावे काय? मोबाईलवर पाहताना पाच चांदण्यांचे अनुभव बाजूला ठेवा. आधी एक, दोन आणि तीन चांदण्यांचे वाचा. तारखा पाहा. एकाच आठवड्यात पंचवीस जणांनी एकसारख्या शब्दांत स्तुती केली असेल तर पुढे जाऊ नका. 'सहा महिने वापरले, मग हे बिघडले' असे लिहिणाऱ्याचे जास्त ऐका. कंपनीच्या स्वतःच्या पानावर फक्त गोड अनुभव असतील, तर ते जाहिरात समजूनच वाचा.

बियाण्याच्या बाबतीत आपल्या वस्तीत याहून चांगली साक्ष आहे आणि ती कोणी विचारत नाही. कापूस वेचणाऱ्या आपल्या आया-बहिणींना विचारा. त्यांची मजुरी किलोवर असते, म्हणून कोणाच्या वावरात काय पिकले हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. कोणत्या पऱ्हाटीला किती वेचण्या झाल्या, कोठे बोंड किडके निघाले, कोठे दिवसभर वेचून ओटी भरली नाही, हे त्या तोंडपाठ सांगतील. त्यांना कंपनीची टोपी मिळालेली नाही आणि जेवणही मिळालेले नाही. आपल्यापैकी कोणी दोन-तीन एकर ठोक्याने करीत असेल, तर त्याने पेरणीआधी शेजारच्या चार गावांतल्या अशा बायांशी बोलावे. हलक्या जमिनीचे हलक्या जमिनीवाल्याला आणि कोरडवाहूचे कोरडवाहूवाल्यालाच विचारावे. ओलिताच्या काळ्या रानातला आकडा आपल्या बरड वावराला लागू पडत नाही.

खरेदी करताना पक्के बिल घ्या आणि त्यावर वाणाचे नाव व लॉट नंबर लिहून घ्या. पिशवी आणि तिचे लेबल हंगाम संपेपर्यंत फेकू नका. बियाणे उगवले नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. शेतकरी हाही ग्राहकच आहे आणि बियाण्याच्या नुकसानीसाठी तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. मोबाईलवरून घेतलेल्या वस्तूसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. घरातल्या शिकलेल्या मुलीला तो लिहून ठेवायला सांगा.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःच्या शब्दाबद्दल. कंपनीची माणसे उद्या आपल्याही दारी येतील. उभ्या पिकात फोटो काढू या, चार शब्द चांगले बोला, म्हणतील. बोलायला हरकत नाही. पण पिकाबरोबर खर्चही सांगा. किती फवारण्या झाल्या, किती मजुरी गेली, घरात दुसरी कमाई कोणती आहे, तेही सांगा, आणि सांगितलेले सर्व छापणार काय ते विचारा. ते तयार नसतील तर फोटो देऊ नका. आपला फोटो पाहून बियाणे घेणारा आपल्यासारखाच एखादा ठोक्याने शेती करणारा असेल, आणि बुडाला तर त्याचे वर्ष बुडेल.

ज्या वाचकांनी असे छापील अनुभव वाचून काही घेतले असेल, त्यांनी बरे-वाईट जे घडले ते आम्हाला पोस्टकार्डावर लिहून कळवावे. वाईट घडले असेल तर जरूर कळवावे. ते या पानावर छापले जाईल.