चाकावरची पत

अंबरनाथ पूर्वेला रेल्वे स्थानकाबाहेर पाऊल टाकले की शेअर रिक्षांची रांग दिसते. तिसरा प्रवासी बसला की रिक्षा सुटते, एवढाच आपला तिच्याशी संबंध. परंतु त्या रांगेत एक सामाजिक प्रश्नही उभा आहे. अंबरनाथहून लोकलने कामावर जाणाऱ्या बेस्टच्या वाहकाला किंवा एसटीच्या चालकाला अडीअडचणीला आपल्या पतपेढीचे किंवा बँकेचे दार ठोठावता येते. त्याच्याच चाळीत राहणाऱ्या रिक्षाचालकाला मात्र बहुधा खासगी वित्त कंपनी नाहीतर सावकार गाठावा लागतो. दोघांचाही व्यवसाय प्रवासी वाहून नेण्याचा. मग एकाला पत आहे आणि दुसऱ्याला नाही, असे का व्हावे?

याचे उत्तर पगारपत्रकात आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ अन्वये सभासदाने करार करून दिला की त्याच्या वेतनातून हप्ता कापून तो संस्थेकडे भरण्याची जबाबदारी मालकावर येते. वसुलीसाठी दारोदार फिरावे लागत नाही आणि जामीनदाराशी वितुष्ट येत नाही. एसटी कामगारांची बँक १९५३ पासून उभी राहिली, बेस्टच्या पतपेढीने हजारो संसार सावरले, त्यामागे ही कपातीची सोय आहे. कर्ज बुडण्याचा धोका कमी, म्हणून व्याज कमी. व्याज कमी, म्हणून सभासद निष्ठावंत, असे हे चक्र आहे.

तथापि या सोयीलाच संस्थेचे सामर्थ्य समजणे चुकीचे ठरेल. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात पगार थांबले, आणि पगार थांबला की कपातही थांबते, हा धडा साऱ्यांना मिळाला. वसुली आपोआप होत असल्याने दुसरा दोष शिरतो. सभासद हिशेब पाहीनासा होतो आणि संचालकपद हे संघटनांच्या बळाची मोजपट्टी बनते. २०२३ मध्ये एसटी बँकेच्या निवडणुकीत एकाच पॅनेलने सर्व १९ जागा जिंकल्या. त्यानंतर व्याजदर उतरवण्याचे निर्णय आणि ठेवी काढून घेण्यासाठी लागलेली रीघ यांच्याच बातम्या गाजल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये बेस्ट पतपेढीच्या २१ जागांची निवडणूक मुंबई महापालिकेची रंगीत तालीम म्हणून लढवली गेली. कोणाला १४ आणि कोणाला ७ जागा मिळाल्या, याची चर्चा घरोघर झाली. थकबाकी किती आणि राखीव निधी किती, हे मात्र किती मतदारांनी विचारले? स्वस्त कर्ज सर्वांनाच हवे असते. परंतु ते ठेवीदाराच्या पैशातून द्यावयाचे असते आणि बहुतेक ठेवीदार हा निवृत्तीला टेकलेला सहकारीच असतो, याचे विस्मरण होता कामा नये.

आता रिक्षाचालकाकडे वळू. त्याला वेतन नाही. पण रोजची रोकड आहे. महिन्याचा हप्ता त्याला जड जातो, रोजची लहान रक्कम जात नाही. उडुपीच्या बँकेने १९२८ मध्ये 'पिग्मी' ठेव सुरू केली ती याच मनुष्यस्वभावाच्या जाणिवेने. स्टँडवर रोज फिरणारा वसुली प्रतिनिधी, त्याच क्षणी हाती पडणारी पावती, आणि सहा महिने बचत केलेल्यालाच कर्ज, एवढी शिस्त पाळली तर स्टँड हेच पगारपत्रक होऊ शकते. कोण नियमित रांगेत असतो, कोणाची रिक्षा पासिंगविना उभी आहे आणि कोणाच्या घरी आजारपण आहे, हे स्टँडला जितके कळते तितके कोणत्याही बँकेच्या अधिकाऱ्याला कळणार नाही.

केनियात २०१० नंतर 'मटाटू' या खासगी मिनीबसच्या मालकांना सहकारी संस्थेत किंवा कंपनीत सामील होणे सरकारने सक्तीचे केले. पुढे अशा संस्थेकडे किमान ३० वाहने हवीत, अशी अटही आली. त्यातून सभासद जमतात. विश्वास मात्र कायद्याने जमत नाही. आपल्याकडे २०१७ मध्ये परवान्यांची मर्यादा उठली, रिक्षा वाढल्या आणि रोजची कमाई वाटली गेली. टाळेबंदीत चाके थांबली तेव्हा २०२१ मध्ये शासनाने परवानाधारकाला १,५०० रुपये दिले. स्वतःचा संकटनिधी असता तर त्या मदतीकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली नसती.

संस्था चांगली चालण्यास लागते ते असे: नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकण्याच्या कायदेशीर बंधनाला पळवाट न शोधणे, थकबाकीदार संचालक असला तरी त्याला सूट न देणे, दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवणाऱ्यालाही सभासदत्व देणे, आणि वार्षिक सभेपूर्वी लेखापरीक्षणाचा सारांश सोप्या मराठीत स्टँडवरच्या फलकावर लावणे. यांतील एकाही गोष्टीला मंत्र्यांच्या उद्घाटनाची गरज नाही.

रिक्षाचे ब्रेक सकाळी तपासल्याविना शहाणा चालक रस्त्यावर उतरत नाही. आपल्या पतपेढीचा ताळेबंद तो तितक्याच निगुतीने तपासू लागेल, त्या दिवशी अंबरनाथच्या त्या रांगेला सावकाराची गरज उरणार नाही.