कामट्या कोण चिरणार?

मीरा रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून शांती नगरात शिरलं की इमारतींच्या पहिल्या मजल्यांवर पाट्यांची दाटी दिसते. टॅली, स्पोकन इंग्लिश, दहावीचं गणित, ब्युटी पार्लरचा कोर्स. या गर्दीत आता हस्तकलांनीही जागा पटकावली आहे. वारली, मंडला, क्रोशे, मॅक्रमे, कच्छकडचं आरशांचं लिप्पन. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर जाहिरात येऊन पडते : शनिवारी दोन तास, साहित्य आम्ही देऊ, तयार वस्तू घरी घेऊन जा.

अशा वर्गांना नाकं मुरडायचं कारण नाही. आठवडाभर डबे, लोकल आणि पोरांचे अभ्यास सांभाळणाऱ्या बाईला दोन तास कुणी हाक न मारता बसायला मिळत असेल, तर तेवढ्यानेही फी वसूल झाली म्हणायचं. खटकतं ते ‘साहित्य आम्ही देऊ’. त्या साहित्यात गोल कापून, घासून, काळा रंग देऊन ठेवलेली एमडीएफची चकती असते, पांढऱ्या ॲक्रिलिकची ट्यूब असते आणि गिरवायला छापील नमुना असतो. म्हणजे उकड कुणी तरी काढली, मळली, सारणही कुणी तरी परतलं; आपण फक्त मोदकाला कळ्या पाडायच्या. कळ्या सुबक येतात. मोदक येत नाही.

वारलीचंच घ्या, कारण शांती नगरात सगळ्यात जास्त खपतं ते तेच. मूळ जागी हे चित्र लग्नाचा विधी आहे. कुडाची भिंत शेणामातीनं सारवायची, तिच्यावर गेरूचा हात द्यायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा आणि मग सवासिनींनी पालघट देवीचा चौक लिहायचा. लग्न लावणारी धवलेरी गात असते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस होतो, एवढंच जर शिकायचं असेल तर दोन तासही जास्तच होतात. पण भिंत सारवल्याशिवाय पांढरी रेघ कुठे धरते आणि कुठे ओघळते हे कळत नाही. एमडीएफवर ॲक्रिलिक कुठेही धरतं.

भिंतीवरून हे चित्र कागदावर आलं ते 1970च्या दशकाच्या सुरुवातीला. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार कागद आणि रंग घेऊन डहाणूच्या पाड्यांवर गेले. बाया लाजल्या, पुढे आले ते गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. बायकांचा विधी पुरुषाच्या हाती आला, लग्नापुरतं असलेलं चित्र रोजचं झालं. म्हशांना 2011 साली पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. त्यांच्यानंतरची पिढी आज चित्रं काढते आहे आणि शिकवूही शकते. 2013 पासून पश्चिम रेल्वेची लोकल थेट डहाणू रोडपर्यंत धावते, म्हणजे मीरा रोडहून वारली चित्रकाराचं गाव एकाच मार्गावर आहे. तरीही शांती नगरातला वर्ग बहुतेक वेळा अशी व्यक्ती घेते, जी स्वतः दुसऱ्या एखाद्या वर्गात किंवा यूट्यूबवर शिकलेली असते. फी वारलीच्या नावानं गोळा होते. वारल्यांपर्यंत त्यातलं किती पोचतं हे विचारायची पद्धत नाही.

तयार साहित्यावर शिकण्याचं हे दुखणं हौशी वर्गांनी आणलेलं नाही. ते शाळेतून आलं आहे.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींचा आग्रह होता की मुलानं एक हस्तोद्योग शिकावा आणि त्याच्या आधारानं भाषा, गणित, भूगोल शिकावेत. झाकीर हुसेन समितीनं त्याचा आराखडा केला आणि टकळी वर्गात आली. पुढे 1964 ते 66च्या कोठारी आयोगानं कामाच्या अनुभवाला अभ्यासक्रमात जागा द्यायला सांगितलं आणि महाराष्ट्रातल्या मुलांच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाचा तास आला. तो तास कसा गेला हे चाळिशीपुढच्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. गणिताच्या बाईंनी घेतला, नाही तर मैदानावर गेला. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आईनं रात्री जागून केलं आणि प्रगतिपुस्तकात मुलाला ‘अ’ मिळाला. आता तर स्टेशनरीच्या दुकानात प्रकल्प तयारच मिळतो.

नव्या शिक्षण धोरणानं 2020 साली सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, चित्रकार अशा गावातल्या कसबी माणसांकडे जाऊन काम शिकावं अशी कल्पना आहे. कल्पना चोख आहे. फक्त ती शाळेच्या सभागृहात किट वाटून उरकली जाणार नाही ना, एवढं पालक-शिक्षक सभेत कुणी तरी विचारायला हवं.

शिकणं म्हणजे काय, याचं सर्वांत देखणं उदाहरण या महाराष्ट्रात सावंतवाडीला आहे. शांती नगरात सिंधुदुर्गाकडची जी घरं आहेत, त्यांतल्या निम्म्यांनी तरी राजवाडा पाहिला असेल. तिथल्या गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, एकेकाळी चितारी घराण्यांच्या पोटाचा धंदा होते. छापील पत्ते आले आणि धंदा बसला. 1970च्या दशकाच्या तोंडावर ही विद्या पूर्णपणे हातात असलेले वृद्ध कारागीर उरले होते ते पुंडलिक चितारी. संस्थानं विलीन होऊन वीस-बावीस वर्षं उलटली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी चिताऱ्यांना देणगी देऊन मोकळं होणं अगदी रीतीला धरून झालं असतं. त्या दोघांनी निराळंच केलं. ते चिताऱ्यांपुढे विद्यार्थी म्हणून बसले.

आणि बसले ते मुळापासून. गंजिफाचा पत्ता रंगवण्याआधी तो तयार करावा लागतो : चिंचोक्याची खळ करायची, तिनं थर चिकटवायचे, वाळवायचे, घोटायचे, गोल कापायचे, अस्तर द्यायचं. मग कुठे मत्स्य, कूर्म, वराह. शेवटी लाखेचा हात. दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, असे एकशे वीस पत्ते लागतात. एकशे वीस वेळा तीच रेघ मारायला लागली की कुंचला कसा धरायचा हे सांगावं लागत नाही. सत्त्वशीलादेवींनी पुढे स्थानिक तरुणांना शिकवलं, वाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले. 2018 साली त्यांचं निधन झालं. दरबार हॉलमध्ये काम चालू आहे. पर्यटकाला ते समोर बसून पाहता येतं. राजघराण्याच्या नावाचं वलय होतं, म्हणून हे तगलं, असं कुणी म्हणेल. तेही खरं असेल. पण वलयानं खळ शिजत नाही.

सावंतवाडी लांब वाटत असेल तर उत्तन घ्या. आपण ज्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेला मालमत्ता कर भरतो, तिच्याच हद्दीतलं हे कोळ्यांचं गाव. डोल जाळं ही इथल्या बोंबलाच्या मासेमारीची जान. समुद्रात रोवलेल्या आधारांना बांधलेली ती लांबलचक निमुळती पिशवी. भरती-ओहोटीचा प्रवाह तिच्यात मासळी लोटतो. तोंडाशी आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, मोठे, शेवटाकडे बारीक होत गेलेले. ते बारीक करत नेण्यात सगळं गणित आहे : कुठल्या ओळीला किती आस कमी करायचे, गाठ किती आवळायची. नायलॉन आलं, यंत्रावर विणलेलं जाळं विकत मिळू लागलं. तरी फाटलेलं जाळं सांधायला यंत्र नाही. ते किनाऱ्यावर मांडी घालून, चपट्या सुईवर दोरा गुंडाळून, हातानंच सांधावं लागतं. मॅक्रमेच्या वर्गात गाठी शिकायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की गाठींचे उस्ताद आपल्याच महापालिकेत बसले आहेत?

केंद्र सरकारला ते ठाऊक आहे, हे विशेष. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत मासेमारीचं जाळं विणणारा आहे, टोपल्या-चटया विणणारा आहे, कुंभार आणि चर्मकारही आहेत. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत. ठीकच आहे. पण या मांडणीत कारागीर सतत विद्यार्थी आहे. ज्याला आधीच येतं, त्याला पुन्हा वर्गात बसवायचं. शहरातल्या माणसाला शिकवण्याचे पैसे त्याला मिळावेत, हे मात्र कुठल्या महापालिकेच्या अंदाजपत्रकात शिरत नाही. शिवणकामाच्या आणि संगणकाच्या वर्गांवर नगरसेवकांचे फोटो झळकतात. जाळ्याच्या वर्गावर कुणाचा फोटो आजवर पाहण्यात नाही.

जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाच्या चपला कोल्हापुरीसारख्या दिसल्या तेव्हा शांती नगरातले सगळे व्हॉट्सॲप गट पेटून उठले होते. 2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून, हेही अनेकांना तेव्हाच कळलं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमवायला किती दिवस जातात, वादी कशी ओवतात, हे कुणी विचारलं नाही. राग यायला तेवढं पुरलं.

कसब मुळापासून शिकायला मात्र फार लांब जावं लागत नाही : महामार्गानं वसईपुढे गेलं की भालिवली लागतं. तिथल्या विवेक ग्रामविकास केंद्रात आदिवासी महिलांना बांबूकाम शिकवतात. त्यांचे कंदील आणि राख्या सणासुदीला मुंबईत विकायला येतात. बुरुडांची सुपं, रोवळ्या, दुरड्या, परड्या हे घराघरातलं काम होतं, तेच कसब इथे नव्या वस्तूंकडे वळवलं आहे. या कामात कंदिलाचा आकार बांधणं त्यातल्या त्यात सोपं. आधी बांबू जून हवा, तीनेक वर्षांचा तरी. कोवळा बांबू वाळला की आक्रसतो आणि त्यातल्या पिष्टाला कीड लागते. जून बांबूलाही टिकाऊपणाची प्रक्रिया करावी लागते. मग कोयत्यानं उभा चिरायचा, पेर मोडू न देता. पहिल्या कामट्या एकीकडे जाड, दुसरीकडे कागदासारख्या निघतात आणि बोटात कुसळं जातात. नवशिक्याचे पहिले दिवस यातच जातात, आणि जायलाच हवेत. शहरातल्या कंदील वर्गात कामट्या कापून, मोजून, रबर लावून ठेवलेल्या असतात.

तेव्हा शांती नगरातल्या सोसायट्यांनी यंदा दिवाळीआधी कंदिलाचा वर्ग ठेवायचाच असेल, तर दोन तासांऐवजी चार रविवार ठेवावेत. शिकवायला भालिवलीकडची किंवा वाड्या-विक्रमगडाकडची बांबू चिरणारी बाई बोलवावी, तिला गाडीभाडं आणि पाहुण्या वक्त्याला देतो तेवढं मानधन द्यावं, हळदीकुंकवाला बोलावल्यासारखं ब्लाउजपीस देऊन वाटेला लावू नये. किट मागवू नये, आख्खे बांबू मागवावेत. ते लिफ्टमध्ये मावणार नाहीत, गच्चीची चावी लागेल, आणि कोयते पाहून सेक्रेटरी आधी हरकत घेतील. त्यांच्यासाठी चिकटपट्ट्यांचा एक मोठा डबा आणून ठेवावा आणि पहिल्या रांगेत त्यांनाच बसवावं.

— मिरेकर