आधी कान, मग व्याख्या

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन वेळा होतात. आपल्या घरांतील अनेक मुलेमुली प्रारंभिकपासून विशारदापर्यंतच्या या पायऱ्या चढत असतात. दहावीला शास्त्रीय कलांसाठी सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून पालकांचा उत्साहही वाढला आहे. ही गोष्ट आनंदाचीच आहे. मात्र परीक्षा जवळ आली की घरोघरी जे पाठांतर सुरू होते, त्याविषयी थोडे बोलले पाहिजे. नाद म्हणजे काय, श्रुती किती, थाट व राग यांतील फरक कोणता, वादी कोणास म्हणावे, ही उत्तरे मुले धडाधड म्हणून दाखवितात. त्याच मुलास तानपुऱ्याजवळ बसवून ‘यात गांधार कुठे ऐकू येतो?’ असे विचारले, तर ते गोंधळते. पुढे प्रमाणपत्र भिंतीवर लागते, पेटी कपाटावर चढते आणि गाणे तिथेच थांबते.

आपल्या शास्त्राने ज्ञानाचा जो क्रम सांगितला आहे, तो येथे आठवावा. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात श्रुतज्ञान हे मतिज्ञानपूर्वक असते, असे प्रतिपादन आहे. इंद्रियांनी व मनाने जे ग्रहण केले, त्याच्या आधारावर शब्दाचे ज्ञान उभे राहते. व्यापारी घरांना हे वेगळे सांगावयास नको. सांगलीच्या बाजारात हळदीच्या पेढीवर बसणारा मुलगा आधी कांडी मोडून पाहतो, रंग पाहतो, वास घेतो. ‘राजापुरी’ हा शब्द त्याला त्यानंतर समजतो. नुसता शब्द पाठ करून माल ओळखता येत नाही. संगीतातील परिभाषेचेही तसेच आहे. कानाने जे ओळखले, त्याला दिलेले नाव म्हणजे व्याख्या.

नाद, स्वर आणि श्रुती

संगीतोपयोगी, नियमित आंदोलनांचा ध्वनी म्हणजे नाद. त्यांपैकी विशिष्ट स्थानी स्थिर झालेला, कानाला गोड वाटणारा नाद म्हणजे स्वर. शुद्ध स्वर सात. रे, ग, ध, नी हे चार कोमल आणि मध्यम तीव्र होतो. असे एकूण बारा. एवढे प्रत्येकास पाठ असते. आता यातील हिशेब पाहू. षड्जाची आंदोलने सेकंदाला २४० मानली, तर तार षड्ज बरोबर दुप्पट, म्हणजे ४८० वर येतो. पंचम दीडपट, म्हणजे ३६०. शुद्ध मध्यम ३२०, शुद्ध गांधार ३००, ऋषभ २७०. ही सारी प्रमाणे साध्या पूर्णांकांची आहेत आणि म्हणूनच हे स्वर षड्जाशी मिळून जातात.

मग धैवत किती? ऋषभाचा पंचम म्हणून धैवत काढला तर २७० ची दीडपट, म्हणजे ४०५ येते. गांधाराचा मध्यम म्हणून काढला तर ४०० येते. दोन्ही हिशेब बरोबर आहेत; कोणत्या अपेक्षेने पाहिले, एवढाच भेद. अनेकान्ताचे संस्कार असलेल्या वाचकांना यात आश्चर्य वाटू नये. हा जो पाच आंदोलनांचा बारीक फरक तयार कानाला जाणवतो, तसल्या सूक्ष्म अंतरांच्या विचारातूनच ‘श्रुती’ ही कल्पना समजते. प्राचीन ग्रंथकारांनी सप्तकात अशा २२ श्रुती मानल्या आणि षड्ज, मध्यम व पंचम यांना प्रत्येकी चार, ऋषभ व धैवतास तीन, गांधार व निषादास दोन अशी वाटणी केली.

या २२ श्रुतींचा आधुनिक काळातील एक मोठा शोध आपल्याच सातारा-सांगली भागात घेतला गेला, हे आज फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या साहाय्याने श्रुतींची स्थाने निश्चित करण्याचा प्रयत्न केला आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे न्यायाधीश त्यांच्या कामाकडे ओढले गेले. १९११ मध्ये साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था निघाली. सप्तकातील श्रुती वाजविता याव्यात म्हणून खास हार्मोनियमही तयार करविण्यात आली. १९१६ मध्ये बडोद्यास झालेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा विषय चर्चेला आला, तेव्हा तीव्र मतभेद झाले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना ही श्रुतिस्थाने मान्य नव्हती. वाद मिटला नाही. परंतु त्या वादातील दोन्ही बाजूंचे लोक आधी गाणे ऐकत होते आणि मग लिहीत होते, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

तानपुरा काय शिकवितो

आपल्या घरातील पेटीचे स्वर समान अंतरांवर बसविलेले असतात. २४० च्या षड्जावर तिचा गांधार ३०२.४ च्या जवळ येतो. खरा गांधार ३०० वर आहे. अंतर लहान आहे, पण रोज तेच ऐकणारा कान हळूहळू त्यालाच प्रमाण मानू लागतो. ज्या काट्यात थोडी खोट आहे, त्यावर वर्षानुवर्षे तोलल्यासारखे हे होते. १९४० मध्ये रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली आणि ती दीर्घकाळ टिकली, त्यामागे हाही एक आक्षेप होता. पेटी टाकून द्यावी, असे नव्हे. गाण्याची साथ म्हणून तिचे स्थान मोठे आहे. पण माप तिच्याकडून घेऊ नये.

माप घ्यावे तानपुऱ्याकडून. चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. जवारी नीट लागलेली असेल आणि खर्जाची तार छेडून ती विरत जाताना शांतपणे कान दिला, तर तिच्यातून एक स्वर आपोआप उमटतो. कोणी वाजविलेला नसतो, कोणत्याही तारेवर लावलेला नसतो. तो शुद्ध गांधार. यालाच स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाच्या पाचपट आंदोलनांचा हा स्वर एकदा ऐकला, म्हणजे ‘स्वर’ या शब्दाची व्याख्या पुन्हा पाठ करावी लागत नाही.

असा तानपुरा घडविण्याची विद्या आपल्या शेजारी मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तेथे येतात आणि त्यांना गळा फुटतो. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परीक्षेपूर्वी एखाद्या रविवारी मुलांना त्या कारागिरांच्या दुकानी न्यावे. जवारी लावताना घोडीवर किती बारीक काम चालते, ते पाहू द्यावे. त्याच मिरजेत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले आणि १९३१ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले. मुले ज्या मंडळाच्या परीक्षा देतात, ते मंडळ त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी स्थापन केले.

थाट, राग आणि वादी

थाट हा सात स्वरांचा क्रमवार साचा. तो गायचा नसतो. रागांचे वर्गीकरण करण्यासाठी असतो. भातखंड्यांनी असे दहा थाट मानले. वहीत जशी खाती पाडतो, तसे हे. खाते म्हणजे व्यवहार नव्हे. थाट म्हणजे राग नव्हे. रागाला आरोह-अवरोह, ठरलेले चलन आणि रंजकता लागते.

वादीचे महत्त्व समजावयाचे असेल तर भूप आणि देशकार हे दोन राग लागोपाठ ऐकावे. दोहोंतही सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. मध्यम व निषाद दोहोंतही वर्ज्य. तरी भूप कल्याण थाटाचा, सायंकाळी गाइला जाणारा. देशकार बिलावल थाटाचा, सकाळचा. भूपात गांधार वादी, धैवत संवादी. देशकारात धैवत वादी, गांधार संवादी. एकच पाच जिन्नस दोन दुकानांत असावेत, पण कोणता पुढे मांडला यावरून दुकानाचा स्वभाव बदलावा, तसे हे. हे दोन राग ऐकून ज्याला वेगळे ओळखता आले, त्याला वादी समजला.

तालाचेही घरीच शिकता येते. आपली कित्येक स्तवने केहरव्यात म्हटली जातात. आठ मात्रा, दोन विभाग. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर खाली. स्तवन चालू असताना मुलाने समेवर टाळी द्यावी आणि खालीवर हात बाजूला न्यावा. ‘आवर्तन’ म्हणजे काय, हे मग सांगावे लागत नाही.

आपल्या परंपरेचा आरसा

संगीताची परिभाषा आपल्याला परकी नाही. पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ हा संगीतशास्त्रातील मान्यवर जैन ग्रंथ आहे. श्वेतांबर परंपरेतील स्थानांगसूत्रात सप्तस्वरांचे विवेचन असून गायनाचे सहा दोष व आठ गुण सांगितले आहेत. भीत भीत गाणे, घाईने गाणे, आखूड स्वरात गाणे, ताल सोडून गाणे, कावळ्यासारख्या कर्कश आवाजात गाणे आणि नाकात गाणे हे ते दोष. गुणांत पूर्ण, अलंकृत, व्यक्त, मधुर, सम, सुकुमार अशी नावे येतात. मुलाने आपलेच गाणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून या सहा दोषांपुढे ठेवावे. परीक्षकाआधी परीक्षण होऊन जाईल.

पालकांना एवढीच विनंती की, संध्याकाळी दुकानातून परतल्यावर ‘व्याख्या म्हणून दाखव’ असे म्हणण्याऐवजी ‘षड्ज लावून दाखव’ असे म्हणावे आणि तो लागेपर्यंत जवळ बसावे. पाच मिनिटे पुरतात. तेवढा वेळ दूरदर्शन संच बंद ठेवावा लागेल.