भाव रोज कळतो, पिल्लांचा हिशेब कळत नाही

नाताळच्या आदल्या दिवशी, म्हणजे २४ डिसेंबरला, मडगाव किंवा म्हापशाच्या बाजारात विकली जाणारी ब्रॉयलर कोंबडी २२ ऑक्टोबरच्या सुमारास अंड्याच्या रूपात उबवण यंत्रात ठेवलेली असते. २१ दिवस उबवणीचे आणि साधारण सहा आठवडे वाढीचे, असा हा ६३ दिवसांचा हिशेब आहे. मागणी वाढली म्हणून तो आठवड्याभरात उरकता येत नाही आणि मागणी घटली म्हणून मध्येच थांबवताही येत नाही. तरीही भाव चढला की आपल्याकडे एकच स्पष्टीकरण ऐकू येते : घाटावरून माल कमी आला. तो कमी येणार हे दोन महिने आधी कोणाला ठाऊक होते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

गोव्यापुरता हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या ताटातील कोंबडी मुख्यत्वे कर्नाटकातून, विशेषतः बेळगावच्या बाजूने आणि काही प्रमाणात महाराष्ट्रातून येते. श्रावणापासून चतुर्थीचे विसर्जन होईपर्यंत अनेक घरांत सामिष वर्ज्य असते. पुढे पर्यटनाचा हंगाम सुरू होतो आणि डिसेंबरात मागणी शिखराला पोहोचते. हा चढउतार दरवर्षीचा, कॅलेंडरवर आधीच छापलेला आहे. भाव मात्र दरवर्षी अनपेक्षितपणे हलतो, कारण पुरवठ्याचा आगाऊ अंदाज देणारा आकडा लोकांसमोर येत नाही.

असा आकडा काढणे अवघड नसते. मांसल कोंबडीचा व्यवसाय हा मोजणीला अतिशय सोपा व्यवसाय आहे, कारण प्रत्येक पक्ष्याला हॅचरीच्या एका अरुंद दारातून बाहेर पडावे लागते. उबवण यंत्रात किती अंडी ठेवली आणि किती एकदिवसीय पिल्ले शेडमध्ये गेली, या दोन संख्या कळल्या की पुढचे गणित ढोबळमानाने मांडता येते. १०० अंड्यांतून सुमारे ८० पिल्ले निघतात, वाढीच्या काळातील मरतूक वजा जाता ७५-७६ पक्षी विक्रीस येतात आणि प्रत्येकी दोन किलो वजन धरले तरी साधारण दीडशे किलो जिवंत कोंबडी हाती लागते. कडक उन्हाळ्यात मरतूक वाढते, वाढही मंदावते, म्हणून हा हिशेब थोडा इकडेतिकडे होतो. पण दिशा चुकत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याची सांख्यिकी सेवा नेमके हेच दर आठवड्याला करते. हॅचऱ्यांनी किती अंडी उबवणीस ठेवली आणि किती पिल्ले वाढीसाठी रवाना झाली, याचा अहवाल ती प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत तेथे आठवड्याला सुमारे २४ कोटी अंडी ठेवली जातात आणि १९ कोटींच्या आसपास पिल्ले शेडमध्ये जातात. त्याखेरीज पैदाशीसाठी वाढवल्या जाणाऱ्या तलंगांचा मासिक आकडाही निघतो. अशी तलंग साधारण २५ आठवड्यांनी अंडी देऊ लागते. त्यात उबवणी आणि वाढीचा काळ मिळवला, तर तो आकडा बाजाराविषयी सात-आठ महिने आधी काही सांगतो. मका पिकवणारा शेतकरी, खाद्य कारखाना, हॉटेलचालक आणि बँक अशा सर्वांना तो एकाच वेळी विनामूल्य उपलब्ध होतो.

आपल्याकडे काय आहे? पाच वर्षांनी होणारी पशुगणना आहे. २०१९च्या विसाव्या गणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुट पक्षी नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे ५३ कोटी व्यावसायिक शेडमधले आणि ३२ कोटींच्या आसपास परसातले. परंतु ही गणना ज्या दिवशी झाली, त्या दिवशी शेडमध्ये उभे असलेले पक्षी सांगते. ज्या शेडमधून वर्षाला पाच-सहा बॅच निघतात, तिचे उत्पादन अशा मोजणीतून उमगत नाही. सहा आठवडे जगणाऱ्या पक्ष्याची खानेसुमारी पाच वर्षांनी करणे, हा प्रकार पूर ओसरल्यावर नदीची पातळी मोजण्यासारखाच आहे.

दुसरे साधन म्हणजे केंद्रीय पशुसंवर्धन खात्याची वार्षिक आकडेवारी. तिच्यानुसार २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १०२ लाख टन मांस उत्पादन झाले आणि त्यातील जवळपास निम्मे कोंबडीचे होते. नमुना पाहणीतून निघणारी ही माहिती धोरणाच्या दृष्टीने मोलाची आहे. मात्र मार्च २०२४ मध्ये संपलेल्या वर्षाचे आकडे त्या वर्षी नोव्हेंबरात आले. तोवर त्या वर्षातील शेवटच्या कोंबडीनंतरही शेडमधून तीन-चार बॅच निघून गेलेल्या होत्या. अंड्यांचा आणि जिवंत कोंबडीचा भाव मात्र रोज जाहीर होतो. किंमत दररोज आणि प्रमाण वर्षानंतर, असा हा उलटा कारभार आहे.

त्याची किंमत कोण मोजतो, हे २०२० साली आपल्या शेजारीच दिसले. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, ही अफवा पसरली आणि मार्चमध्ये जिवंत कोंबडीचा भाव किलोला पाच-दहा रुपयांपर्यंत कोसळला. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात एका शेतकऱ्याने सुमारे सहा हजार कोंबड्या जिवंत पुरल्या. खाद्याचा रोजचा खर्चही निघेना. ती घसरण कोणत्याही आकड्याने टळली नसती, हे मान्य करायला हवे. परंतु पुढचा अध्याय टळू शकला असता. घाबरलेल्या शेतकऱ्यांनी बॅच टाकणे थांबवले, हॅचऱ्यांनी उबवणी कमी केली आणि मे महिन्यात देशातील अनेक शहरांत तीच कोंबडी दुर्मीळ व महाग झाली. उबवण यंत्रे रिकामी राहिली होती, ही बातमी मार्च-एप्रिलमध्येच अस्तित्वात होती. ती मोजकेच लोक जाणत होते.

ते मोजके लोक म्हणजे करार पद्धतीने पिल्ले, खाद्य आणि औषधे पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या. किती अंडी ठेवायची, किती पिल्ले कोणत्या भागात सोडायची, हा निर्णय त्यांचाच असतो. करारातील शेतकऱ्याला किलोमागे संगोपन शुल्क मिळते. भावाची जोखीम बहुतांशी कंपनी उचलते, पण पुढची बॅच कधी मिळेल हे त्याच्या हाती नसते. स्वतंत्र शेतकऱ्याची अवस्था आणखी बिकट आहे. भाव चांगला दिसला की तो पिल्ले विकत घेतो. त्याच आठवड्यात इतर हजारो जणांनीही तेच केलेले असते, आणि सहा आठवड्यांनी सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात येतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे : असे आकडे कंपन्यांच्या हाती पडले तर त्या संगनमताने उत्पादन रोखतील. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये ॲग्री स्टॅट्स या माहिती पुरवणाऱ्या कंपनीवर खटला भरला. स्पर्धक मांस कंपन्यांची बारीकसारीक माहिती ती त्यांच्या-त्यांच्यातच फिरवते आणि त्यामुळे स्पर्धा मारली जाते, असा त्यात आरोप होता. पण या खटल्यातून निघणारा धडा आकडे दडवण्याचा नाही. एकेका कंपनीचा तपशील बंद दाराआड फिरणे आणि सर्वांची बेरीज चव्हाट्यावर येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने बलवानांचे बळ वाढते, दुसरीने दुबळ्यांना निदान पाहता येते.

म्हणून ठराविक क्षमतेवरील प्रत्येक हॅचरीने ठेवलेली अंडी आणि विकलेली पिल्ले यांची साप्ताहिक नोंद राज्याच्या पशुसंवर्धन खात्याला द्यावी, आणि खात्याने नावे गाळून केवळ बेरीज प्रसिद्ध करावी. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी एवढे केले तरी गोव्याला दोन महिन्यांची दृष्टी लाभेल. गोव्यालाही हात बांधून बसण्याचे कारण नाही. पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले आणि पोळे या नाक्यांवरून येणाऱ्या जिवंत कोंबड्यांच्या गाड्या मोजून त्यांचा आठवड्याचा आकडा जाहीर करणे सरकारला सहज शक्य आहे. बर्ड फ्लूची साथ आली की याच नाक्यांवर गाड्या अडवल्या जातात; रोजची नोंद हाती असेल तर संकटात कोणता रस्ता बंद केल्याने किती तुटवडा पडेल, हेही आधी कळेल.

या आकड्याने कोंबडी स्वस्त होईलच असे नाही. मका आणि सोयाबीनचे दर चढले की ती महाग होणारच, कारण उत्पादन खर्चाचा मोठा वाटा खाद्याचा असतो. परंतु भाव का चढला हे गिऱ्हाइकाला समजेल आणि बॅच टाकावी की थांबावे, हे गोकाकच्या किंवा सत्तरीच्या शेतकऱ्याला कंपनीच्या अधिकाऱ्याइतक्याच माहितीनिशी ठरवता येईल. डिसेंबरच्या बाजाराचा निकाल ऑक्टोबरातच लागलेला असतो. तो सर्वांना एकाच दिवशी वाचता यावा, एवढीच अपेक्षा आहे.