साधनग्रंथांचे मोल

मुळशी तालुक्यातील नांदे गावी दोन विद्यार्थ्यांत शिवजन्माच्या सालावरून वाद झाला, अशी कल्पना करावी. एकाच्या घरच्या जुन्या पुस्तकात १६२७ हे साल आहे; दुसऱ्याच्या पुस्तकात १६३०. अशा वेळी ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे, असे मानणे योग्य नव्हे. ‘हे कशावरून?’ असे विचारावे आणि उत्तर साधनग्रंथांत शोधावे.

जुनी पत्रे, सनदा, महजर, शकावल्या असे मूळ कागद एकत्र करून जसेच्या तसे छापलेला ग्रंथ म्हणजे साधनग्रंथ. इतिहासाचे पुस्तक हकीकत सांगते; साधनग्रंथ तिचा पुरावा पुढे ठेवतो. असे कागद मिळवण्यासाठी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले. १८९८ मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला.

आता त्या वादाकडे वळू. काही बखरींच्या आधारे शिवरायांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ मध्ये झाला, असे पूर्वी मानीत. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी होती. पुढे शिवकालीन कवी परमानंद यांच्या ‘शिवभारत’ काव्यातही तीच तिथी आढळली. दोन निराळे पुरावे जुळल्याने या तिथीला बळ आले. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती स्वीकारली.

मात्र साधनग्रंथात छापले आहे, एवढ्यावरून प्रत्येक शब्द खरा ठरत नाही. कागद अस्सल की नक्कल, तो कोणी व केव्हा लिहिला, दुसरा कागद त्याला दुजोरा देतो काय, हे पाहावेच लागते. ही सवय विद्यार्थिदशेतच लागली पाहिजे. कारण ऐकीव गोष्टीवर विसंबणारा मनुष्य इतिहासातच नव्हे, तर व्यवहारातही फसतो.

आणखी एक कर्तव्य आहे. घराच्या माळ्यावर जुन्या कागदांचे रुमाल असतील, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी जाणत्या माणसास दाखवावेत. जेधे घराण्याने ती शकावली जपली नसती, तर नांदे गावच्या त्या दोन मुलांचा वाद मिटविणे किती कठीण झाले असते!